स्फटिकांस आकार कोण देतो?

वाकोल्याच्या बाजारांत कोणत्याही वाण्याच्या दुकानीं तीन पदार्थ हटकून मिळतात : जाडें मीठ, तुरटी आणि खडीसाखर. तिन्ही पाण्यांत विरघळणारे आणि तिन्ही स्फटिकरूप. गृहिणीच्या लेखीं त्यांच्यांत चवीचा व उपयोगाचा काय तो भेद. परंतु भिंग घेऊन पाहणारास आणखी एक भेद दिसतो. मिठाचा कण घनाकृति असतो, तुरटीच्या स्फटिकाची ओढ आठ पैलूंच्या अष्टफलकाकडे असते, आणि दोऱ्यावर धरलेल्या खडीसाखरेचे पैलू तिरकस असतात. रत्नपारख्याच्या कारागिरानें हिऱ्यास पैलू पाडावे तसे हे पैलू कोणी पाडलेले नाहींत. पाणी आटत गेलें आणि आकार आपोआप प्रकट झाला, एवढेंच डोळ्यांस दिसतें.

मग हा आकार त्या पदार्थाच्या कपाळीं कायमचा लिहिलेला असतो, कीं तो बदलतां येतो? दुकानापासून थोड्याच अंतरावर, कालिन्याच्या विद्यानगरींत, मुंबई विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे वर्ग भरतात. तेथील विद्यार्थ्यापुढें हाच प्रश्न आज निराळ्या वेषांत उभा राहतो. त्याच्या परीक्षानळींतील स्फटिक मिठाचा किंवा तुरटीचा नसून धातु आणि सेंद्रिय रेणु यांच्या जोडणीचा असतो. निसर्गांत तो सहसा सांपडत नाहीं. पण प्रश्न तोच : ह्या स्फटिकास आपल्या इच्छेप्रमाणें वाढवितां येईल काय, आणि हवा तो आकार देतां येईल काय? ह्या प्रश्नाचा इतिहास साडेतीनशें वर्षांचा आहे, आणि त्याचे कांहीं धागे मुंबईच्या उपनगरांतून, सह्याद्रीच्या कड्यांतून आणि पुण्याच्या प्रयोगशाळांतून गेलेले आहेत.

प्रथम मिठाकडे वळावें. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग ह्या बाजूस खाडीच्या कांठीं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरें चालत आलीं. त्यांपैकीं बरीचशीं आतां ओसाड पडलीं असलीं तरी त्यांतील विद्या जुनी आहे. भरतीचें पाणी वाफ्यांत घ्यावयाचें, तें उन्हावर आटूं द्यावयाचें, आणि मीठ धरलें म्हणजे तें ओढून ढीग लावावयाचे. पाणी संथपणें आटलें तर दाणा मोठा होतो, घाईनें आटलें तर बारीक होतो, हें आगरांत काम करणाऱ्या माणसास कोणा पंडितानें शिकवावें लागलें नाहीं. स्फटिकांच्या आकारमानावर मानवानें चालविलेल्या हुकमतीचा हा पहिला धडा होय. मात्र दाणा लहान असो वा मोठा, तो घनाकृतीच राहतो. आकारमान बदललें तरी आकृति बदलत नाहीं.

आकृतीमागें कांहीं नियम असला पाहिजे असें प्रथम म्हणणारांत निकोलस स्टेनो ह्या डॅनिश पंडिताची गणना होते. इ.स. १६६९ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं गारेचे स्फटिक कितीहि वेडेवांकडे वाढलेले असले तरी त्यांच्या पैलूंमधील कोन बदलत नाहींत. पुढें फ्रान्समध्यें रोमे द लिल ह्यानें कोनमापकाच्या साहाय्यानें शेंकडों स्फटिक मोजले आणि १७८३ सालीं हा नियम सर्व पदार्थांस लागू असल्याचें जाहीर केलें. नियमाचा असा पुरस्कार करणाऱ्या ह्याच गृहस्थानें एक विलक्षण अपवादहि नोंदून ठेविला. साध्या पाण्यांत मिठाचे घन बनतात. परंतु तेंच मीठ मूत्रांत विरघळवून द्रावण आटविलें तर अष्टफलक बनतात! मूत्रांतील युरिया नामक द्रव्याचा हा प्रताप होता. मीठ तेंच आणि आंतील रचना तीच; पण एका तिऱ्हाईत द्रव्याच्या नुसत्या सान्निध्यानें बाहेरचा आकार पालटला.

ह्या अपवादाचें महत्त्व ज्यांनीं ओळखलें त्यांत निकोला लब्लां हा अग्रगण्य होय. मिठापासून सोडा करण्याच्या त्याच्या कृतीमुळें त्याचें नांव कारखानदारीच्या इतिहासांत अजरामर झालें. पण त्याचा दुसरा ध्यास फारसा कोणास ठाऊक नसतो. १८०२ सालीं त्यानें स्फटिक वाढविण्याच्या तंत्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लहानसा निर्दोष स्फटिक बीज म्हणून निवडावा, तो संतृप्त द्रावणांत ठेवावा, आणि सर्व बाजूंस सारखें पोषण मिळावें म्हणून त्यास वरचेवर उलथापालथा करावा, अशी त्याची रीत होती. तुरटीच्या द्रावणांतील क्षाराचें प्रमाण वाढविलें असतां अष्टफलकांऐवजीं घन मिळतात, हेंहि त्यानें प्रयोगानें दाखविलें. स्फटिकाची शेती करतां येते, आणि पिकाचा घाटहि ठरवितां येतो, ही कल्पना येथें प्रथम स्पष्ट रूपानें दिसते.

परंतु असें व्हावें कां? ह्याचें उत्तर मिळण्यास आणखी एक शतक लागलें. अमेरिकेंत गिब्झ ह्यानें १८७८ सालीं, फ्रान्समध्यें प्येर क्यूरी ह्यानें १८८५ सालीं आणि रशियन शास्त्रज्ञ वुल्फ ह्यानें १९०१ सालीं ह्या विषयाची उपपत्ति बसविली. तिचें सार असें. स्फटिकाचे सर्व पैलू एकाच वेगानें बाहेर सरकत नाहींत. जो पैलू वेगानें पुढें जातो तो शेजारच्या पैलूंमध्यें आकसत जाऊन अखेर नाहींसा होतो. जो रेंगाळतो तोच रुंदावत जातो आणि शेवटीं स्फटिकास आपलें रूप देतो. म्हणजे ही शर्यत उलटी आहे : जो मागें राहील त्याचेंच राज्य. आतां युरियाचें कोडें सुटतें. युरियाचे रेणु मिठाच्या विशिष्ट पैलूंवर ठाण मांडतात, त्यांची वाढ मंदावते, आणि म्हणून तेच पैलू टिकून राहतात. आकार बदलावयाचा तर स्फटिकावर बळजबरी करावी लागत नाहीं. निवडक पैलूंच्या वाटेंत थोडासा अडथळा उभा केला कीं पुरे.

दुसरें सूत्र जन्म आणि वाढ ह्यांच्यांतील भेदाचें आहे. द्रावणांत मुरलेला पदार्थ प्रमाणाबाहेर झाला म्हणजे तो बाहेर पडूं पाहतो. पण प्रथम अत्यंत सूक्ष्म बीजें जन्मास यावीं लागतात. जर्मन शास्त्रज्ञ ओस्टवाल्ड ह्यानें १८९७ सालीं दाखवून दिलें कीं अतिसंतृप्त द्रावणाची एक मर्यादित अशी स्थिति असते, जींत नवीं बीजें सहसा जन्मत नाहींत, पण असलेलें बीज मात्र वाढत राहतें. खडीसाखर करणारा हलवाई नेमका ह्याच स्थितीचा फायदा घेतो. पाक हळूहळू निवूं देऊन तो दोऱ्यावरील थोड्या बीजांसच सारी साखर मिळवून देतो. तोच पाक घाईनें थंड करून घोटला तर असंख्य बीजें एकदम उपजतात, आणि हातीं येते ती पिठीसारखी बारीक साखर. पुष्कळ लेंकरांच्या घरांत प्रत्येकाच्या वांट्यास थोडें येतें, तसाच हा प्रकार.

१९१२ सालीं जर्मनींत लाउए ह्याच्या सूचनेवरून स्फटिकांतून क्षकिरण पाठविण्यांत आले, आणि पुढील वर्षीं इंग्लंडांत ब्रॅग पितापुत्रांनीं मिठाच्या अंतरंगाचा नकाशाच काढला. सोडियम व क्लोरीन ह्यांचे कण आळीपाळीनें, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें, तिन्ही दिशांस मांडलेले आढळले. आंतली मांडणी कळली, तरी तिच्यावर नवा थर कसा चढतो हें गूढच होतें. गुळगुळीत, सपाट पैलूवर नवा थर सुरू होण्यास हिशेबाप्रमाणें फार मोठी अतिसंतृप्तता लागावयास हवी. प्रत्यक्षांत स्फटिक अगदीं थोड्या अतिसंतृप्ततेंतहि वाढतात. १९४९ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ फ्रँक ह्यानें सुचविलें कीं स्फटिक निर्दोष नसतो. त्याच्या रचनेंत मळसूत्रासारखा पीळ पडलेला असतो, आणि त्या पिळाची पायरी गोल जिन्याप्रमाणें वर वर चढत राहून कधींच संपत नाहीं. ही नुसती कल्पना नव्हती. १९५१ सालीं अजित राम वर्मा ह्या भारतीय शास्त्रज्ञानें लंडन येथें संशोधन करीत असतां कार्बोरंडमच्या पैलूंवरील असे जिने सूक्ष्मदर्शकांतून टिपून जगापुढें ठेविले. हेच वर्मा पुढें दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. स्फटिक वाढतो तो आपल्या दोषाच्या आधारें, हें त्या कामाचें तात्पर्य होय.

आतां कथेचा ओघ सह्याद्रीकडे वळतो. महाराष्ट्राचा काळा पाषाण हा लाव्हा थिजून बनलेला आहे, आणि त्यांतील वायूच्या पोकळ्यांत कालांतरानें गरम पाण्यांतून निरनिराळे स्फटिक वाढले. त्यांत झिओलाइट नामक खनिजांची जात मोठी. स्वीडनच्या क्रोनस्टेट ह्यानें १७५६ सालीं हें नांव ठेविलें. तापविलें असतां ह्या दगडांतून पाण्याची वाफ उसळते, म्हणून 'उकळता दगड'. ब्रूक नामक इंग्रज खनिजवेत्त्यानें १८३१ सालीं येथील एका नमुन्यास पुण्याच्या नांवावरून 'पूनालाइट' म्हटलें होतें. पुढें तें स्वतंत्र खनिज नसून ठाऊक असलेल्या झिओलाइटाचाच प्रकार ठरला. भोर घाटांतून लोहमार्ग नेण्याचें काम १८६३ सालीं पुरें झालें. त्या खोदाईंत निघालेले सुंदर स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. मुंबईच्या उपनगरांतहि मालाड-कांदिवलीच्या दगडखाणींनीं असे नमुने जगास पुरविले आहेत.

ह्या झिओलाइटांचें खरें वैशिष्ट्य सौंदर्यांत नसून पोकळपणांत आहे. त्यांच्या रचनेंत रेणूएवढ्या रुंदीचे बोळ आणि दालनें असतात. एका मापाचा रेणु आंत शिरतो, त्याहून मोठा दाराशींच अडतो. म्हणून त्यांस 'रेणूंची चाळणी' म्हणतात. मनुष्यानें विसाव्या शतकाच्या मध्यास कृत्रिम झिओलाइट बनविले आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणांत त्यांस अढळ स्थान मिळालें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालीं सुरू झाली. तेथें पॉल रत्नसामी आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं 'एन्सिलाइट' ह्या नांवानें झिओलाइट उत्प्रेरक सिद्ध करून ते देशी कारखान्यांच्या उपयोगास आणिले. ज्या सह्याद्रीनें निसर्गाचे झिओलाइट दिले, त्याच्याच पायथ्याशीं मानवाचे झिओलाइट तयार झाले.

झिओलाइटाची एक मर्यादा होती. त्याची चौकट मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना ह्यांची. दालनें लहान, आणि त्यांचा घाट मनाजोगता बदलणें अवघड. त्याऐवजीं धातूचे अणु हे खांबांचे सांधे आणि सेंद्रिय रेणु हे वांसे मानून घर बांधतां येईल काय? अशा बांधणीचीं उदाहरणें नकळत पूर्वींच होऊन गेलीं होतीं. १८व्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें तयार झालेला 'प्रशियन निळा' रंग, ज्यानें पुढें इंजिनियरांचे निळे नकाशे छापले गेले, तो लोह आणि सायनाइड ह्यांची जाळीच होता. १८९७ सालीं हॉफमन ह्यानें निकेल, सायनाइड व अमोनिया ह्यांच्यापासून असा स्फटिक केला कीं जो बेन्झिनाचा रेणु पोटांत धरून ठेवीत असे. त्याचें अंतरंग १९४९ सालीं उघड झालें. परंतु हीं सारीं अकल्पित फळें होतीं. आधीं नकाशा आणि मग घर, ही रीत अजून यावयाची होती.

ती आणण्याचें श्रेय रिचर्ड रॉब्सन ह्यांस दिलें जातें. १९७४ सालीं मेलबर्न विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठीं ते लांकडी गोळ्या व दांड्या ह्यांच्या प्रतिकृति तयार करवीत होते. दांड्या बसण्यासाठीं गोळ्यांस भोकें कोणत्या ठिकाणीं पाडावीं हें आधीं ठरवावें लागे. प्रतिकृति जुळवितांना त्यांच्या मनांत आलें कीं घराचा सगळा आराखडा ह्या भोकांच्या जागेंतच दडलेला आहे. मग खऱ्या अणूंच्या बाबतींत असें कां होऊं नये? विचार पक्व होण्यास पंधरा वर्षें लागलीं. १९८९ सालीं त्यांनीं तांब्याचे अणु व चार हातांचा एक सेंद्रिय रेणु ह्यांच्यापासून हिऱ्याच्या धर्तीची, पण आंतून प्रशस्त पोकळी असलेली रचना प्रसिद्ध केली. ती नाजुक होती. १९९७ सालीं जपानांत सुसुमु कितागावा ह्यांनीं अशी चौकट केली कीं जी आंतील पाणी काढून टाकल्यावरहि कोसळली नाहीं आणि वायु आंत-बाहेर करूं लागली. ओमार यागी ह्यांनीं १९९५ सालीं ह्या पदार्थांस 'धातु-सेंद्रिय चौकट' हें नांव दिलें, आणि १९९९ सालीं 'मॉफ-५' नामक प्रसिद्ध स्फटिक सिद्ध केला. जस्ताचे संयुग आणि पॉलिएस्टर कापडाच्या धंद्यांत लागणारें टेरेफ्थॅलिक आम्ल ह्यांच्यापासून तो बनतो. त्याच्या दोन-चार ग्रॅम चूर्णाच्या पोटांतील पृष्ठभाग पसरला तर फुटबॉलचें मैदान व्यापेल. ह्या तिघांस २०२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

नकाशाप्रमाणें घर बांधतां येतें हें सिद्ध झालें. पण घर किती मोठें, किती उंच, दारें कोणत्या भिंतीस, हें ठरविणें अजून हातीं आलेलें नव्हतें. धातूचें मीठ आणि आम्ल एकत्र करून तापविलें कीं पुष्कळदां बारीक, ओबडधोबड चूर्ण खालीं बसे. एकाच नांवाचा पदार्थ दोन प्रयोगशाळांत दोन प्रकारचा निघे. मॉफ-५ चाच दाखला पाहावा. त्याच्या अंतःपृष्ठाचा आंकडा ठिकठिकाणीं इतका निरनिराळा येऊं लागला कीं खरें काय हें कळेना. २००७ सालीं यागी आणि जेफ्री लाँग ह्यांच्या गटांनीं मिळून दाखविलें कीं दोष बराचसा कृतीचा व हवेंतील ओलाव्याचा आहे. ओलावा न लागूं देतां सिद्ध केलेल्या पदार्थांत तो आंकडा ग्रॅमास सुमारें ३८०० चौरस मीटर भरतो. पाण्याचा रेणु जस्त आणि प्राणवायु ह्यांच्यामधील बंध तोडतो आणि घर ढासळतें. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेंत जी अडचण, ती वाकोल्याच्या जुलै महिन्यांत केवढी होईल ह्याची कल्पना मुंबईकरांस सांगावयास नको.

आकाराचा प्रश्नहि केवळ शोभेचा नाहीं. कांहीं चौकटींचे बोळ एकाच दिशेनें जातात. अशा स्फटिकाची लांब काडी झाली तर वायूस लांबचा प्रवास घडतो, आणि पातळ वडी झाली तर तो क्षणांत पार होतो. लहान स्फटिक वायु भराभर शोषतात. पण अंतरंगाचा नकाशा काढण्यास मोठा, निर्दोष स्फटिकच हवा. वायु गाळण्याचा पडदा करावयाचा तर स्फटिक एकमेकांस बिलगून फट न राहतां वाढले पाहिजेत, कारण एका फटींतूनहि सारा वायु निसटतो. औषध वाहून नेणारा कण रक्तवाहिनींत अडकूं नये इतका सूक्ष्म हवा. म्हणजे पदार्थ एकच असला तरी कामानुरूप त्याचा घाट बदलणें भाग आहे.

ह्या अडचणींतून वाट निघाली ती रोमे द लिलच्या जुन्या अपवादानेंच. क्योतो येथें कितागावांच्या गटांत त्सुरुओका, फुरुकावा आदि मंडळींनीं २००९ सालीं तांब्याच्या एका चौकटीच्या द्रावणांत शिर्क्याचें आम्ल, म्हणजे ॲसेटिक आम्ल, मिसळलें. ह्या चौकटींत दोन प्रकारचे वांसे असतात. एक आम्लवर्गाचा, दुसरा अमाइनवर्गाचा. शिर्क्याच्या रेणूस आम्लवर्गाच्या वांशासारखेंच एक टोंक असतें, पण दुसरें टोंक नसतें. तो तांब्याच्या त्या जागा अडवून बसतो, परंतु त्याला पुढें कांहीं जोडतां येत नाहीं. त्यामुळें त्या दिशांची वाढ मंदावते, अमाइनची दिशा मोकळी राहते, आणि स्फटिक काडीसारखा लांब होतो. अशा प्रतिस्पर्धी रेणूस 'नियामक' म्हणण्याचा प्रघात पडला.

दोनच वर्षांनीं, २०११ सालीं, त्याच गटानें तांबें व एक त्रिबाहु आम्ल ह्यांच्या चौकटींवर लॉरिक आम्लाचा प्रयोग केला. ही चौकट १९९९ सालीं हाँगकाँगमध्यें प्रथम तयार झाली होती, आणि ती सामान्यतः अष्टफलकाच्या रूपानें वाढते. नियामक थोडा घातला तर अष्टफलक. वाढविला तर आठ त्रिकोणी व सहा चौकोनी पैलूंचा मधला आकार. आणखी वाढविला तर निखळ घन. लॉरिक आम्ल म्हणजे खोबरेल तेलाचा मुख्य घटक. त्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग ह्याच आम्लापासून झालेला असतो. अठराव्या शतकांत मूत्रानें मिठाचा घन मोडून अष्टफलक केला. एकविसाव्या शतकांत नारळांतील आम्लानें अष्टफलक मोडून घन केला. मधल्या काळांत बदलली ती समज. पूर्वीं घडलें तें नोंदिलें गेलें. आतां घडवावयाचें तें आधीं ठरविलें जातें.

जर्मनींत हानोफर येथें २०११ सालींच बेंझोइक व ॲसेटिक आम्लांच्या साहाय्यानें झिर्कोनियमच्या चौकटींचे कण हवे तितके लहान-मोठे करतां येऊं लागले. झिर्कोनियमचें वैशिष्ट्य असें कीं त्याचे बंध बळकट असून पाण्यास दाद देत नाहींत; परंतु ह्या बळकटपणामुळेंच स्फटिक घाईनें व अव्यवस्थित बसतो. नियामक मध्यें पडून प्रत्येक बंध पुनःपुन्हां सुटूं व जुळूं देतो, आणि चुकलेला अणु आपली जागा सुधारूं शकतो. मॅंचेस्टर येथें तर वाढत्या स्फटिकाचा पृष्ठभाग अतिसूक्ष्म सुईनें चांचपून, फ्रँक व वर्मा ह्यांनीं सांगितलेले मळसूत्री जिने ह्या नव्या चौकटींवरहि चढतांना पाहण्यांत आले. मात्र ह्या सेवेची किंमत द्यावी लागते. नियामकाचे कांहीं रेणु घरांतच राहून जातात आणि तेथला वांसा गळतो. कधीं ह्या उणीवेमुळें चौकट दुबळी होते, तर कधीं आंतली जागा वाढून तिची धारणशक्ति उलट वाढते.

महाराष्ट्रांतील काम ह्या प्रवाहापासून दूर नव्हतें. राहुल बॅनर्जी ह्यांनीं यागींच्या गटांत असतां २००८ सालीं ९६०० सूक्ष्म प्रयोगांतून झिओलाइटाच्या घाटाच्या २५ धातु-सेंद्रिय चौकटी शोधून काढण्याच्या कामांत प्रमुख भाग घेतला होता. पुढें ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत आले. तेथें उल्हास खारुल हे पोकळ तंतूंच्या पडद्यांवर काम करीत होते. दोन्ही विद्यांचा संगम होऊन २०१५ सालीं एक सुबक रीत प्रसिद्ध झाली. पॉलिबेंझिमिडाझोल नामक चिवट बहुवारिकाचा केसासारखा पोकळ तंतु घ्यावा; एका बाजूस धातूचें द्रावण, दुसऱ्या बाजूस सेंद्रिय रेणूचें द्रावण, आणि दोन्ही द्रव एकमेकांत न मिसळणारे. जेथें दोघांची सीमा भिडते तेथेंच स्फटिकांचा थर धरतो. द्रवांची निवड बदलून तो थर तंतूच्या आंतल्या अंगास किंवा बाहेरच्या अंगास, हवा तेथें वाढवितां येतो, आणि हें सारें नेहमींच्या खोलीच्या तपमानावर. स्फटिक केवढा व कसा ह्याबरोबरच कोठें वाढावा, हेंहि येथें माणसाच्या आज्ञेंत आलें. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेंत सुजित घोष ह्यांनीं पाण्यांतील विषारी द्रव्यें ओळखून धरणाऱ्या चौकटींवर काम केलें; त्यांनीं पूर्वीं क्योतो येथें कितागावांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें होतें. मुंबईंत पवईच्या तंत्रज्ञान संस्थेंत रामस्वामी मुरुगवेल ह्यांनीं जस्त व सेंद्रिय फॉस्फेट ह्यांचे इवलेसे घनाकृति पिंजरे बनवून, झिओलाइटाच्या रचनेची वीट रेणूच्या रूपांत हातीं घेण्याचा मार्ग दाखविला.

ह्या सर्व खटाटोपाचें फळ काय, असा प्रश्न सुजाण वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. फळ धरूं लागलें आहे. कॅनडांत कॅलगरी येथें जॉर्ज शिमिझु ह्यांच्या गटानें जस्ताची 'काल्फ-२०' नामक चौकट सिद्ध केली. सिमेंटच्या कारखान्याच्या धुरांतून कर्बाम्ल वायु ती निवडून घेते आणि दमट हवेंतहि आपलें काम सोडीत नाहीं. २०२१ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें, आणि २०२३ सालीं एका मोठ्या जर्मन कंपनीनें तिचें शेंकडों टनांचें वार्षिक उत्पादन साधल्याचें जाहीर केलें. कोरड्या प्रदेशाच्या हवेंतील ओलावा रात्रीं शोषून दिवसा उन्हानें पिण्याचें पाणी देणाऱ्या चौकटीहि यागींच्या गटानें २०१७ पासून करून दाखविल्या आहेत. जो ओलावा मॉफ-५ चा वैरी, तोच ह्या चौकटींचा पाहुणा.

तथापि विजयाची नौबत वाजविण्याची घाई करूं नये. २०२४ सालीं दहा प्रयोगशाळांनीं मिळून झिर्कोनियमच्या दोन चौकटी एकाच छापील कृतीनें तयार करण्याची परीक्षा घेतली. बहुतेकांच्या हातीं शुद्ध पदार्थ आला नाहीं. जाणत्या माणसांच्या हातीं, ठरलेल्या कृतीनेंहि, स्फटिक आपली वाट चुकतो, ही गोष्ट लहान नाहीं. पाण्याचा अंश, भांड्याची भिंत, तापविण्याचा वेग, जुन्या बाटलींतील आम्ल, ह्यांपैकीं कशानेंहि जन्मणाऱ्या बीजांची संख्या बदलते आणि पुढचें सारें बदलतें. शास्त्राचा पाया पुनरावृत्तीवर उभा आहे. जें एकालाच जमतें तें कसब, जें सर्वांस जमतें तें शास्त्र. धातु-सेंद्रिय चौकटींची विद्या अजून ह्या दोहोंच्या उंबरठ्यावर आहे, आणि तिची पुढची परीक्षा नवीं नांवें शोधण्यांत नसून जुनीं नांवें पुनःपुन्हां तशींच साधण्यांत आहे.

स्टेनोच्या काळीं स्फटिकाचा आकार ही सृष्टीची अटळ आज्ञा वाटत होती. ती आज्ञा खोटी ठरली नाहीं; कोन आजहि बदलत नाहींत आणि अणूंची मांडणीहि स्वतःचा नियम सोडीत नाहीं. मानवानें एवढेंच ओळखलें कीं नियमाच्या मर्यादेंत अनेक वाटा मोकळ्या असतात, आणि त्यांतील एखादी किंचित अडविली तर निसर्ग दुसरीनें चालूं लागतो. मिठागरांतील कामगार उन्हाच्या वेगावरून दाण्याचें माप ठरवीत आला. रसायनशास्त्रज्ञ चिमूटभर आम्लावरून पैलूंची गणती ठरवितो. दोघांचेंहि सामर्थ्य हुकूम सोडण्यांत नाहीं, धीर धरण्यांत आहे. ज्याला तो धरतां येईल, त्याच्याच हातून ह्या पोकळ स्फटिकांचीं घरें मुंबईच्या पावसाळी हवेंतहि टिकतील.